दहावीला मराठीतून गणितात चांगले मार्क, पण अकरावी सायन्सच्या तयारीत प्रश्नच कळेनात, काय करावं?

कळंबेकरीण

नमस्कार मंडळी. आम्ही कोल्हापुरात कळंब्याच्या बाजूला राहतो, मी घरी शिवणकाम करते, मिस्टर गोकुळ शिरगावला कामाला आहेत. मुलगी पहिलीपासून मराठी माध्यमात, सेमी पण नाही, यंदा दहावी झाली. गणित तिचं लाडकं, भाग एक आणि भाग दोन दोन्हीत ४० पैकी ३७-३८ असे मार्क पडलेत. सायन्सला जायचंय, इंजिनिअरिंग करायचंय म्हणते. म्हणून मे महिन्यात एका क्लासला अकरावीच्या तयारीच्या बॅचला घातलं, तर पहिल्याच टेस्टला २० पैकी ६. पोरगी दोन दिवस धड जेवली नाही. सरांनी सगळ्यांसमोर सांगितलं की मराठी मीडियमवाल्यांचा पाया कच्चा असतो.

मला ते मनाला लागलं म्हणून मी पेपर मागून घेतला आणि रात्री तिला जवळ बसवलं. एक प्रश्न असा होता, तिनं वाचून दाखवला तसा लिहिते: ट्रँगल एबीसी इज आयसॉसेलीस विथ एबी इक्वल टू एसी, साइड बीए इज प्रोड्यूस्ड टू डी सच दॅट एडी इक्वल टू एबी, शो दॅट अँगल बीसीडी इज अ राइट अँगल. उत्तराची जागा कोरी. मला इंग्रजी जेमतेम येतं पण शेजारच्या कॉलेजच्या मुलीला विचारून मराठीत करून दिला की बाबा समद्विभुज त्रिकोण आहे, बीए ही बाजू डीपर्यंत वाढवलीय, एडी आणि एबी सारखे आहेत, बीसीडी काटकोन आहे हे दाखव. पाच मिनिटं पण लागली नाहीत! म्हणाली आई दोन समद्विभुज त्रिकोण झाले की, या दोघांना एक्स धरू, त्या दोघांना वाय, मोठ्या त्रिकोणात एक्सची दुप्पट अधिक वायची दुप्पट बरोबर १८०, म्हणजे एक्स अधिक वाय ९०, झालं. आणि मग रडायला लागली. "आई मी चुकलो न्हाई गं, मला प्रश्नच कळला न्हाई. प्रोड्यूस म्हणजे तयार करणं ना, मी बघत बसलो काय तयार करायचंय म्हणून."

आता दीड-दोन महिने आहेत हातात. काय करावं ते सांगा. कॉमर्सला घाल म्हणणारे घरात भरपूर आहेत, ते सोडून सांगा.

सायबर चौक

ताई सरळ सांगतो, राग मानू नका. मराठी शब्द आता विसरायला लावा. अकरावीला सायन्स इंग्रजीतच आहे, एमएचटी-सीईटीला फिजिक्स केमिस्ट्री मराठीत मिळतं पण गणिताचा पेपर इंग्रजीतच असतो, हे लक्षात घ्या. समद्विभुज, व्युत्क्रम कोन हे डोक्यात ठेवून प्रत्येक वेळी भाषांतर करत बसली तर पेपर पुरा होणार नाही. वही घ्या, रोज २० शब्द पाठ, महिन्यात ६०० होतात, विषय संपला. माझ्या भाच्याचं असंच केलं होतं.

राधानगरीचा

सायबर चौक दादा, मी असाच पाठ केलेला पोरगा आहे, म्हणून सांगतो तसं करू नका.

मी राधानगरी तालुक्यातल्या शाळेतून मराठीतून दहावी केली, आता मेकॅनिकलच्या शेवटच्या वर्षाला आहे. अकरावीला आलो तेव्हा मी पण शब्दांची यादी पाठ केली होती, हायपोटेन्यूज म्हणजे कर्ण, कोइफिशंट म्हणजे सहगुणक, सगळं. तरी सहामाहीला नापास झालो. कारण माझं घोडं कर्णापाशी अडलंच नव्हतं, ते अडत होतं बारक्या शब्दांपाशी. रिस्पेक्टिव्हली. सच दॅट. हेन्स. अॅट लीस्ट. अॅट मोस्ट. हे कुठल्याच यादीत नसतात कारण हे गणिताचे शब्द आहेत असं कुणाला वाटतच नाही. अॅट लीस्ट टू हेड्स म्हटलं की मला लीस्ट दिसायचं, म्हणजे कमी, म्हणून मी दोनपेक्षा कमी छापा घ्यायचो. खरं तर कमीत कमी दोन, म्हणजे दोन किंवा जास्त. अख्खं उत्तर उलटं. संभाव्यता मला चांगली येत होती हो, मराठीत एक गणित चुकलं नव्हतं.

आणि दुसरं, हे मला फार उशिरा कळलं. मराठीत वाक्य ज्या क्रमाने बोलतो त्याच क्रमाने गणित मांडतो. "८ मधून ५ वजा करा", आधी ८ आले मग ५ आले, लिहिताना पण ८ वजा ५. इंग्रजीत सब्ट्रॅक्ट फाइव्ह फ्रॉम एट. आधी फाइव्ह ऐकू आलं की हात ५ लिहून मोकळा होतो. थ्री लेस दॅन एक्स, इथं पण तेच, आपण म्हणतो एक्सपेक्षा ३ ने कमी, क्रम सरळ, एक्स वजा ३. इंग्रजीत थ्री आधी येतो म्हणून मी कितीतरी वेळा ३ वजा एक्स लिहिलंय. चारपैकी तीन आणि थ्री आउट ऑफ फोर, तिथं पण उलटं. समीकरण मांडतानाच चिन्ह फिरलं की खाली सगळं बरोबर करून पण मार्क शून्य, आणि सर म्हणतात निष्काळजीपणा.

ताई तुमच्या मुलीला सांगा तिचा पाया अजिबात कच्चा नाही. ज्या मुलीने मराठीत तो त्रिकोण पाच मिनिटात सोडवला तिचा पाया कच्चा कसा असेल?

कळंबेकरीण

राधानगरीचा, तुमचं उत्तर मी तिला मोठ्यानं वाचून दाखवलं. ती उठून बसली आणि म्हणाली सेम टू सेम, टेस्टमध्ये माझं पण सब्ट्रॅक्टचं असंच चुकलंय. थँक्यू दादा.

निवृत्त गणितशिक्षक

मी गारगोटीच्या बाजूला ३१ वर्षे गणित शिकवले, शेवटची आठ वर्षे सेमीच्या वर्गांनाही शिकवले, त्यामुळे दोन्हीकडची मुले जवळून पाहिली आहेत.

सायबर चौक यांच्या मताचा आदर आहे, गती यायला हवी हे त्यांचे म्हणणे खरेच आहे, पण मराठी शब्द विसरायला लावणे ही फार मोठी चूक ठरेल. कारण आपला शब्द स्वतःच अर्थ सांगतो. समद्विभुज म्हटले की दोन भुजा समान, हे मुलाला वेगळे समजवावे लागत नाही. इष्टिकाचिती हा शब्द मुलांना जड वाटतो खरा, पण इष्टिका म्हणजे वीट हे एकदा सांगितले की विटेचा आकार डोळ्यासमोर उभा राहतो. इंग्रजी मुलाला आयसॉसेलीस हा शब्द तितकाच परका असतो, तो मूळ ग्रीक आहे, आयसॉस म्हणजे समान आणि स्केलॉस म्हणजे पाय. म्हणजे समान पायांचा! आपण भुजा म्हटले, त्यांनी पाय म्हटले. हे मी वर्गात सांगायचो तेव्हा मुले हसायची आणि तो शब्द त्यांना पुन्हा कधी पाठ करावा लागला नाही.

तसेच हायपोटेन्यूज म्हणजे खाली ताणलेली, काटकोनाच्या समोर ताणून बसवलेली बाजू. कॉर्ड म्हणजे मुळात तार, दोरी. आपली जीवा म्हणजे धनुष्याची दोरीच. आर्क म्हणजे लॅटिनमध्ये धनुष्य. वर्तुळाचा तुकडा आणि त्याची जीवा काढून बघा, धनुष्यबाण दिसतो की नाही? हे चित्र आपल्या आणि त्यांच्या दोन्ही पूर्वजांना दिसले होते.

आणि ज्या साइन शब्दाला आपली मुले भितात तो तर आपल्याच घरातून गेलेला आहे. आर्यभटाने इसवी सन ४९९ च्या सुमारास ज्या, अर्धज्या असे शब्द वापरले, तो शब्द जीवा या रूपाने अरबीत गेला, तिथे स्वर न लिहिता नुसती व्यंजने लिहायची रीत असल्याने तो जैब असा वाचला गेला, जैब म्हणजे घडी, खोळ, आणि बाराव्या शतकात लॅटिनमध्ये नेताना त्याचे भाषांतर सायनस झाले, त्याचे साइन. भुज, कोटी, कर्ण हे भास्कराचार्यांच्या ११५० च्या लीलावतीत आहेत. कोसाइनला जुना शब्द कोटिज्या. माझ्या मुलांना मी म्हणायचो, हा शब्द माहेरी परत आलाय, त्याला ओळख दाखवा.

आता जिथे खरा घोटाळा होतो ते सांगतो. मराठीचा एक शब्द आणि इंग्रजीचा एक शब्द अशी जोडी नेहमी जुळत नाही. आपल्याकडे कर्ण म्हणजे काटकोन त्रिकोणाचाही आणि चौकोनाचाही, इंग्रजीत पहिला हायपोटेन्यूज, दुसरा डायगोनल. यादी पाठ केलेला मुलगा चौकोनाला हायपोटेन्यूज लिहून येतो. कंस म्हणजे आर्क पण आणि ब्रॅकेट पण. अंश म्हणजे कोनाची डिग्री, आणि अपूर्णांकाचा अंश म्हणजे न्यूमरेटर. उलट बाजूने इंग्रजी डिग्री बघा, कोनाची असेल तर अंश, बहुपदीची असेल तर कोटी. मीडियन त्रिकोणाची असेल तर मध्यगा, सांख्यिकीतला असेल तर मध्यक. स्क्वेअर म्हणजे आकृती असेल तर चौरस, संख्येचा असेल तर वर्ग. इथे मराठीच जास्त नेमकी आहे, ज्याला दोन्ही शब्द माहीत आहेत त्याला संदर्भ चटकन कळतो. म्हणून विसरायला लावू नका, शेजारी शेजारी बसवा.

उद्यमनगर लेथ

सर तुमचं वाचून राहवलं न्हाई म्हणून लिहितोय. मी आयटीआय टर्नर, उद्यमनगरात २२ वर्षं लेथवर हाय. आमच्याकडं रोज डाया, रेडियस, टेपर, अँगल हेच शब्द, व्यास त्रिज्या कोण म्हणत न्हाई. शाळेत मला भूमिती कधी कळली न्हाई खरं, पण टेपर, म्हणजे एका टोकाकडं निमुळता होत जाणारा भाग, मारायचा असला की मोठा डाया वजा बारका डाया, भागिले लांबीची दुप्पट, येईल त्याचा टॅन उलटा काढून कंपाउंड स्लाइड तेवढी फिरवायची, हे झोपेत पण सांगतो. तो टॅन म्हणजे टँजंट हे म्हायती होतं, पण पोराच्या दहावीच्या पुस्तकात टँजंट म्हणजे स्पर्शिका वाचलं तवा मला काय केल्या जुळंना, वर्तुळाला टेकलेली रेघ आणि माझा टेपरचा टॅन ह्येचा संबंध काय? सर जमलं तर सांगा.

आणि ताई, आमचे वडील गवंडी होते. काटकोन बघायला गुण्या, उभं बघायला ओळंबा. पाया आखताना दोरीवर ३ फूट, ४ फूट मोजून खुणा करायचे आणि तिरकं ५ भरलं की म्हणायचे गुण्यात आलं. पोरीला सांगा परपेंडिक्युलर म्हणजे ओळंबा. लई मोठा शब्द हाय पण लोंबतोय दोरीलाच.

निवृत्त गणितशिक्षक

उद्यमनगर, फार सुंदर लिहिलेत, आणि प्रश्न अगदी मुळावर बोट ठेवणारा आहे. शेवटचे वाक्य तर शब्दशः खरे आहे, परपेंडिक्युलर हा लॅटिनमधल्या ओळंब्याच्याच नावावरून आलेला आहे.

टॅनचे असे. त्रिज्या १ असलेले वर्तुळ काढा. उजव्या टोकाला, म्हणजे आडवी त्रिज्या जिथे वर्तुळाला भेटते तिथे, उभी स्पर्शिका काढा. आता केंद्रातून तुमच्या टेपरच्या कोनाएवढी तिरकी रेघ ओढा आणि स्पर्शिकेपर्यंत न्या. स्पर्शिकेचा जेवढा तुकडा कापला जाईल तेवढी त्या कोनाची टॅनची किंमत. म्हणून नाव टँजंट, लॅटिनमध्ये टेकणारी. आणि केंद्रापासून तिथपर्यंतची ती तिरकी रेघ वर्तुळ कापून बाहेर जाते म्हणून तिची लांबी म्हणजे सीकंट, कापणारी, आपली छेदिका. ४५ अंशाला काढून पट्टीने मोजा, तुकडा बरोबर त्रिज्येएवढाच भरेल, टॅन ४५ बरोबर १.

उद्यमनगर लेथ

सर आत्ता दुपारच्या सुट्टीत पत्र्यावर स्क्रायबरनं काढलं. १०० एमएमची त्रिज्या घेतली, ४५ ला १०० च आलं. ३० अंशाला काढलं तर ५७.७ च्या आसपास, टेबलात ०.५७७ हाय. २२ वर्षं वापरतोय आणि आज कळलं. पोराला संध्याकाळी पत्रा घरी न्हेऊन दाखवतो.

गंगावेशची मीनलची आई

विषय थोडा बाजूला जातोय पण विचारते. माझा मुलगा दुसरीत, इंग्रजी माध्यम. थर्टी सिक्स सांगितलं की ६३ लिहितो. घरी आम्ही छत्तीस म्हणतो. क्लासच्या बाई म्हणतात घरी मराठी आकडे बंद करा.

राधानगरीचा

बंद करू नका वहिनी! छत्तीस मध्ये सहा आधी ऐकू येतो आणि तीस नंतर, इंग्रजीत तीस आधी. माझं वजाबाकीचं जसं उलटं व्हायचं तसंच हे. २०१९ ला दुसरीच्या बालभारतीच्या पुस्तकात याचसाठी एकवीसच्या जोडीला वीस एक, बासष्टच्या जोडीला साठ दोन असं वाचायचं दिलं होतं, डॉ. मंगला नारळीकर समितीवर होत्या, केवढा गदारोळ झाला तेव्हा, लोकांनी चेष्टा केली. पण जोडाक्षरात अडकणाऱ्या बारक्या पोरांसाठी विचार करून केलं होतं ते. तुम्ही घरी छत्तीस, तीस आणि सहा, थर्टी सिक्स असं तिन्ही एकदम म्हणा, दहा-दहाच्या काड्यांच्या जुड्या करून. एकोणतीसला मात्र थांबून सांगायला लागेल, तिथं तिसात एक उणा आहे आणि इंग्रजीत ट्वेंटी नाइन.

सायबर चौक

सर, राधानगरीचा, पटलं. भाच्याला आज फोन केला, म्हणाला मामा शब्द पाठ झाले होते पण वर्डप्रॉब्लेम मी सोडूनच द्यायचो दोन वर्षं. मला हे माहीतच नव्हतं. पण गतीचा मुद्दा राहतोच. ताईंच्या हातात दीड महिना आहे, नेमकं रोज काय करायचं ते पण सांगा कोणीतरी.

निवृत्त गणितशिक्षक

योग्य विचारलेत. माझा अनुभव सांगतो.

दहावीचीच पुस्तके घ्या, अकरावीचे आत्ता उघडू नका. बालभारतीच्या साइटवर दोन्ही माध्यमांची पीडीएफ फुकट आहेत. मराठी पुस्तकातला सरावसंच १.१ म्हणजेच इंग्रजी पुस्तकातला प्रॅक्टिस सेट १.१, गणिते तीच. दोन्ही शेजारी उघडी ठेवायची. रोज चारच गणिते. आधी इंग्रजीतला प्रश्न वाचायचा, सोडवायचा नाही, फक्त आकृती काढायची किंवा समीकरण मांडायचे. मग मराठी प्रश्न वाचून ताडून बघायचे की मांडणी तीच आली का. ज्या शब्दामुळे मांडणी चुकली तेवढाच वहीत लिहायचा, आणि सुटा शब्द लिहायचा नाही, अख्खे वाक्य आकृतीसकट लिहायचे. मुलीला गणिते येतातच, त्यामुळे सोडवण्यात वेळ घालवायची गरज नाही, सगळा जोर वाचण्यावर. पंधरा दिवसांनी उलट करायचे, मराठी प्रश्न वाचून तो इंग्रजीत स्वतः लिहायचा. व्याकरण चुकू दे. ज्याला प्रश्न लिहिता येतो त्याला वाचायला वेळ लागत नाही, सायबर चौक म्हणतात ती गती इथून येते.

आणि नेहमीच्या वापरातले जे शब्द गणितात वेगळे वागतात त्यांचे एक पान वेगळे करा. प्रोड्यूस तर झालाच. मीन म्हणजे अर्थ नव्हे, मध्य. ऑड म्हणजे विषम. व्हॉल्यूम म्हणजे घनफळ, मुले आवाज समजतात. राइट अँगल, उजवा समजून डाव्या बाजूच्या काटकोनाला लेफ्ट अँगल लिहिलेली उत्तरपत्रिका मी स्वतः तपासलेली आहे, त्या मुलाचा तर्क चुकला नव्हता. सिमिलर म्हणजे साधारण सारखे असे नव्हे, समरूप, त्याला नेमक्या अटी आहेत.

कळंबेकरीण

सगळ्यांना नमस्कार, साडेतीन आठवड्यांनी लिहितेय, उशीर झाला, लग्नसराईचे ब्लाउज होते.

सरांनी सांगितलं तसं चालू आहे. पीडीएफ मोबाईलवर बारीक दिसतं म्हणून महाद्वार रोडच्या मागं एका दुकानातून जुनं इंग्रजी पुस्तक आणलं. दोन्ही पुस्तकं माझ्या शिलाई मशीनच्या टेबलावरच असतात, मी शिवते आणि ती वाचते. पहिल्या आठवड्यात चार गणितांना दोन तास लागायचे, आता पाऊण तास. वहीची १९ पानं झालीत. फ्रस्टमला तिनं गुळाच्या रव्याचं चित्र काढलंय, वर बारीक खाली रुंद, आणि बाजूला लिहिलंय शंकुछेद, म्हणजे शंकूचं डोकं कापलेलं. परपेंडिक्युलरला ओळंबा काढलाय, उद्यमनगर दादा.

वजाबाकीचं तिनं तिचं तिनंच शोधलं. फ्रॉम किंवा दॅन दिसला की त्याच्याभोवती पेन्सिलने गोल करते आणि त्याच्या पुढची गोष्ट आधी लिहिते. काल मला शिकवलं. मी म्हटलं थ्री लेस दॅन एक्स, ती म्हणाली दॅनला गोल, पुढं कोण हाय, एक्स, मग एक्स आधी, वजा ३. मला पण आलं.

क्लास बदलला नाही, तिनंच नको म्हटलं. परवा टेस्ट झाली, २० पैकी १५. पाच मार्क कुठं गेले ते आम्ही बघितलं, दोन खरंच आकडेमोडीत चुकलेत, तीन मार्कांच्या प्रश्नात शेवटी हेन्स फाइंड असं होतं. तिनं आधीचं उत्तर न वापरता परत सगळं पहिल्यापासून काढलं आणि वेळ संपला. राधानगरीचा, तुम्ही पहिल्याच उत्तरात हेन्स लिहिला होता, आम्ही तो पानावर घ्यायचा राहिला. आज घेतला.

सर, एक विचारायचं होतं. इफ अँड ओन्ली इफ असं अकरावीच्या पुस्तकात दिसलं, हे इफपेक्षा वेगळं आहे का?

निवृत्त गणितशिक्षक

वेगळे आहे, आणि चांगला प्रश्न आहे. मराठीत "जर आणि तरच". मुलीला सांगा पायथागोरसचे प्रमेय आणि त्याचा व्यत्यास दोन्ही वहीत शेजारी लिही. काटकोन असेल तर बाजूंचे वर्ग जुळतात, हा एक "जर". वर्ग जुळले तर काटकोन असतोच, हा उलटा "जर". उद्यमनगरांच्या वडिलांनी ३, ४, ५ मोजून गुण्यात आले म्हटले तेव्हा त्यांनी दुसरा वापरला होता. दोन्ही बाजूंनी खरे असेल तेव्हाच इफ अँड ओन्ली इफ. तिने लिहून झाले की इथे टाका, मी बघतो.